झेरॉक्सबाईंची पक्कड

तुमच्या खिशातली कोणती वस्तू दारात काढून घेतली, तर आत जाऊन तुम्हाला धड उभंसुद्धा राहता येणार नाही? बहुतेकांच्या खिशात अशी वस्तू नसते. झेरॉक्सबाईंच्या पर्समध्ये होती, आणि ती निवडायला त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला होता.

गोंडपिपरीला तहसील कचेरीसमोर बाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर असे. बसताना गुडघ्याजवळची कडी वर ओढायची, उठल्यावर ती खाली पाडायची, की पाय काठीसारखा ताठ. 'खट्' असा आवाज आला की दुकानात ताटकळलेली माणसं ओळखायची, बाई उभ्या राहिल्या, आता काम होणार. कुणी आधार द्यायला हात पुढे केला तर त्या म्हणायच्या, "हात राहू द्या जी तुमच्यापाशीच. कागद द्या."

माझे बाबा संघटनेचं काम करत. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. अक्षरं जुळवायला मी 'जाहीर निषेध' या शब्दांवर शिकले. पत्रकांच्या प्रती बाईंकडेच निघत, आणि वाचल्याशिवाय बाई एकही प्रत काढत नसत. एकदा त्यांनी बाबांसमोर कागद उलटा ठेवला. "भाऊ, यात 'दीनदुबळे' म्हणजे कोण हो? आपल्या वस्तीतले लोक का? मले त्यातून वगळा. मग देतो काढून." बाबा हसले, पण शब्द खोडला. बाबांकडून शब्द खोडून घेणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

दुकानात बाईंकडे पेचकस, पान्हे, सगळं होतं. अडचण व्हायची ती वाटेत. एसटी खड्ड्यांतून गेली की कॅलिपरचे स्क्रू ढिले होत. एकदा चंद्रपूरहून येताना गुडघ्याचा स्क्रू निम्मा बाहेर आला. कंडक्टर 'कुणाजवळ पेचकस आहे का' विचारत बसभर फिरला. कुणी चिंधी बांधायला सांगितलं, कुणी दवाखाना सुचवला. बाई तिथेच बसलेल्या, पण त्यांना कुणी काही विचारेना. "सारी बस माह्या गुडघ्यावर मीटिंग घेऊन राह्यली होती," बाई सांगायच्या, "आन मलेच निमंत्रण नव्हतं." त्या दिवशी त्यांनी ठरवलं, पर्समध्ये मावेल असं एकच अवजार घ्यायचं, पक्कड आणि पेचकस एकत्र असलेलं, आणि ते रोज जवळ ठेवायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत बाईंबरोबर चंद्रपूरच्या बाजारात हिंडले. एका दुकानदाराने कौतुकाने गुलाबी मुठीचं एक काढलं. "हे पाहा बाई, लेडीजसाठी स्पेशल."

"दादा, तुमचा एक हात पाठीमागं घ्या," बाई म्हणाल्या. त्याने घेतला. "आता हे उघडून दाखवा."

त्याने नखाने ओढलं, दाताने ओढलं, शेवटी पोटावर दाबून पाहिलं. उघडलं नाही. बाईंचा एक हात नेहमी कशाला तरी धरलेला असे, बसच्या दांडीला, कठड्याला, भिंतीला. म्हणून पहिली अट ही, की एका हाताने उघडलं पाहिजे. दुसऱ्या दुकानात पंधरा-वीस पात्यांचं एक जाडजूड प्रकरण निघालं. "यात बाटली उघडायचंही आहे," दुकानदार म्हणाला. "माह्या पायाले बूच नाई जी," बाई म्हणाल्या. स्टुलावर बसून, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत सारून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्या प्रत्येकाचं टोक स्क्रूला लावून बघत. "पोहोचत नाई. दुसरं दाखवा." माणसं माना वळवत. बाई वळवत नसत.

शेवटी एक सापडलं. तळहाताएवढं, अंगठ्याने उघडणारं, पेचकसाचं टोक नेमकं पट्टीच्या आत जाणारं. फक्त त्यात एक छोटं पातं होतं, आणि बाई तिथेच अडल्या. आमच्याकडच्या रस्त्यांवर पोलिसांचे नाके आहेत, बसमधून उतरवून पिशव्या बघतात. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन चालणं ही जंगलातल्या गावांची रोजची रीत, पण नाक्यावर त्याच कुऱ्हाडीचे दहा प्रश्न होतात. "बिनपात्याचं दाखवा ना," बाई म्हणाल्या. "तसं येतच नाही," दुकानदार म्हणाला. बाईंनी बराच वेळ ते पातं उघडलं, मिटलं, आणि घेतलं.

पुढे नाक्यावर त्यांना कुणी हटकलंच, तर त्या तिथेच खाली बसून स्क्रू आवळून दाखवत. "हे माह्या पायाचं आहे साहेब. पाहून घ्या." साहेब ओशाळून पर्स परत करत. नाक्यावर त्यांची पक्कड कधीच कुणी ठेवून घेतली नाही.

ती आम्ही ठेवून घेतली.

धानोऱ्याला आमच्या संघटनेची सभा होती. विषय होता रस्त्यावरच्या झडत्या. मैदानाच्या पोलीस परवानगीत एक अट होती, आत कुणाकडे हत्यार नको. बाबांनी सही केली. "मैदान हातचं जायला नको," म्हणाले. मग दारावर आमचेच कार्यकर्ते उभे राहिले. जंगलातल्या गावांहून पायी आलेल्या माणसांच्या कुऱ्हाडी भिंतीला लागल्या. बायांच्या कमरेच्या पिशवीतले अडकित्ते पत्र्याच्या पेटीत गेले. मी दाराजवळच्या टेबलावर पत्रकं वाटत होते. 'झडती बंद करा' असं लिहिलेलं पत्रक हातात घेऊन माणूस पुढे जायचा आणि आमचाच पोरगा त्याची पिशवी उघडायचा. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्हा शिकलेल्यांना नाहीच.

बाई आल्या तेव्हा वाटेतल्या खड्ड्यांनी कॅलिपर खिळखिळं झालं होतं. दारावर विलास होता, बाबांचा जवळचा कार्यकर्ता. मागून रांग रेटत होती, तिथेच बसून स्क्रू आवळायला जागा नव्हती.

"हे माह्या पायाचं आहे रे," बाई म्हणाल्या. "आत बसून आवळतो."

"बाई, पातं आहे त्यात. तुम्ही तं आपल्याच आहात, तुम्हीच नाई समजून घेतलं तं लोकांनी काय करावं?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. कुऱ्हाडींची रांग लागली होती. मागे उभे असलेले म्हातारे न सांगता आपापली कुऱ्हाड खांद्यावरून उतरवत होते. बाईंनी पक्कड पेटीत टाकली आणि त्या आत गेल्या.

त्या दिवशी त्यांचं भाषण होतं. मंचाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. दुसऱ्या पायरीवर गुडघ्याची कडी सुटली, पाय दुमडला आणि बाई कुशीवर आदळल्या. त्या "थांबा, थांबा रे" म्हणत असतानाच चौघांनी त्यांना उचललं आणि मंचावर नेऊन खुर्चीत ठेवलं. कुणीतरी घोषणा दिली, 'झेरॉक्सबाई जिंदाबाद'. मैदानाने ती उचलली. मला आजही त्या घोषणेची सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ती मनापासून दिली होती.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माइक ओढून घेतला. "माझी पक्कड गेटवर आहे. आणा. तोवर मी बोलत नाई."

विलास पळत जाऊन घेऊन आला. बाईंनी ती हातात घेतली नाही. "माझीच काऊन आणली? साऱ्यांचं आणा."

विलासने मंचावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, नाही अशी. "बाई, परवानगी रद्द करतील," ते हळूच म्हणाले. माइक चालूच होता. साऱ्या मैदानाने ऐकलं.

"मंग नाक्यावाले काय वेगळं सांगतात, भाऊ?"

मग पहिल्या रांगेतला एक गोंड म्हातारा उठला, सावकाश दारापाशी गेला आणि आपली कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत आला. त्याच्यामागे बाकीचे गेले. बाया पेटीभोवती बसून आपापले अडकित्ते ओळखून घेऊ लागल्या, आणि त्यांच्यात हसणंखिदळणंही झालं. म्हातारा मंचाजवळ आला. "आमी तं रोजच ठेवतो बाई," तो म्हणाला, "तुले काऊन ठेवाची होती?"

"तुम्ही ठेवली ना जी," बाई म्हणाल्या. "मंग मी एकटीच कशी नेऊ आत?"

परवानगी कुणी रद्द केली नाही. तंटाही झाला नाही. पण बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, मात्र कॅलिपरचा भार त्या पायाने पुन्हा घेतला नाही. दुकान विकून त्या नागपूरला भावाकडे गेल्या. आता चाकाच्या खुर्चीत असतात. बाबा त्यांना भेटायला गेले नाहीत. 'जाईन' म्हणतात, आणि नवं पत्रक लिहायला बसतात. बाबांनीच मला मान वर करून चालायला शिकवलं. त्या मैदानात त्यांनी हलवलेली मान आठवली की मला आमच्या घराची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मी जाऊन आले. बाई खुर्चीचा ब्रेक काढून बसल्या होत्या, मांडीवर नटबोल्ट. "पोरी, तुझे बाबा बरे आहेत ना? बीपीची गोळी घेतात का नाई?" एवढंच विचारलं. मी सभेचा विषय काढला, तर म्हणाल्या, "माफी मागाले आली असशील तं चहा पी आन जा. माफीनं काय कडी लागते का?" निघताना मी काय करू असं विचारलं. बाई ब्रेक आवळत म्हणाल्या, "मले काऊन विचारते? सभा तुम्ही घेता."

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे, कारण सभा तुम्हीही घेता. मेळावे, जयंत्या, मोर्चे घेता. पुढच्या वेळी परवानगीचा कागद समोर येईल तेव्हा तो शेवटपर्यंत वाचा. दारावर आपल्याच माणसांच्या पिशव्या उघडायची अट त्यात असेल, तर सही करू नका. मैदान सोडा आणि सभा रस्त्याकडेच्या झाडाखाली घ्या.