दुसरा नारळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साताऱ्याच्या थोरल्या भावाला नाही. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत चिंचवडात माझ्याबद्दल लोक एकच गोष्ट सांगत आले — हा माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही. ते ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तेवढं आधी सांगतो. पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या इमारती उठू लागल्या, तेव्हा बांधकामावर मापं घेणारा कारकून म्हणून मी आलो. चिंचवड गावात एका शेतकऱ्याचं छोटं घर विकत घेतलं. मागच्या अंगाला एक जुनी खोली होती, दगड-मातीची. तिची भिंत बावीस फूट लांब, नऊ फूट उंच, दीड फूट जाड. मीच मोजली होती. ती पाडून तिथे विटांची खोली बांधायची होती. पण त्या भिंतीच्या पाठीला पाठ लावून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची भिंत उभी होती. मध्ये बोटभरही जागा नव्हती.

शेजारी म्हणजे बाबूराव आणि त्यांच्या पत्नी अनसूयाबाई. शेती करणारी माणसं. बाबूरावांशी माझं बोलणं बंद होतं. कारण सांगायला लाज वाटते — मोरीचं पाणी. त्यांच्या मोरीचा उतार चुकला आहे हे मी पट्टी लावून, चार लोकांसमोर सिद्ध करून दाखवलं होतं. माझं माप बरोबर होतं. ते म्हणाले, "ओ मापवाले, पानी तुमच्या पट्टीला इचारून व्हात न्हाई." लोक हसले. त्या हसण्याला तेव्हा दहा महिने झाले होते.

पाडकामाला मी तीन माणसं पाहिली. दोघं म्हणाले, दोर लावू, ओढू, एका दिवसात मोकळं. तिसरा यल्लाप्पा मुकादम, मोशीच्या वडार वस्तीवरचा. तो आला आणि तासभर बोललाच नाही. भिंतीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेला, कान लावत गेला. मग म्हणाला, "साहेब, ही भिंत एकली न्हाई. तिकडचीला धरून हाय. एकीला हात लावला की दुसरी दचकती." भिंत ढकलायची नाही, वरून एकेक थर उतरवायचा. टेकू आधी, पहार नंतर. काम चालेल ते दोन दिवस पलीकडच्या स्वयंपाकघरात कुणी असता कामा नये, कारण तिकडून दगड कधी सुटेल ते सांगता येत नाही.

आणि एक शेवटची अट. दोन भिंती चिकटलेल्या असल्या की तो दोन घरांचे दोन नारळ मागायचा. शेजाऱ्याचा नारळ आल्याशिवाय पहार उचलायचा नाही. मला वाटलं, देवाधर्माचं असेल. तो हसला. "देवाला एक पुरतो, साहेब. दुसरा माज्यासाठी. नारळ आला म्हंजी शेजाऱ्याला ठावं हाय."

किती साधी युक्ती! मी कामावर इतके ठेकेदार पाहिले, पण अशी खात्री करून घेणारा माणूस पाहिला नव्हता. मी त्यालाच काम दिलं. त्या अटींसाठीच दिलं — हे ध्यानात ठेवा. अजाणतेपणी काही झालं असं मला म्हणता येत नाही.

त्याला मधला एकच सोमवार-मंगळवार मोकळा होता. पुढे महिनाभर तो दुसऱ्या कामावर जाणार होता. मी रजा काढली. राहिलं होतं ते फक्त बाबूरावांच्या दारात जाणं. माझ्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं. शनिवारी गेलो नाही. रविवारीही गेलो नाही. ज्यानं चारचौघांत मला हसं केलं त्याच्या दारात उभं राहून म्हणायचं, बाबूराव, एक नारळ द्या? का जायचं मी?

मग मी हिशेब केला. मापाचा माणूस मी — दुसरं काय करणार? माझ्या खिडकीतून दिसायचं की नवरा-बायको आठच्या आत शेतावर जातात आणि उन्हं कलल्यावर परततात. तसं मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. आठनंतर घर रिकामं. काम साडेआठला सुरू करायचं. मग सांगायचं कशाला?

पण मी पाहिलं होतं ते सगळे रविवार होते. इतर दिवशी सातला मी कामावर असायचो. बाबूरावांच्या घरी सोमवारी औत धरत नाहीत, बैलांना त्या दिवशी आराम असतो. गावात शेंबड्या पोरालाही ते माहीत. दोन वर्षं तिथे राहून मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी वाण्याकडून दोन नारळ आणले. हो, मीच. एक लहान, एक मोठा. यल्लाप्पाच्या हातात ठेवले आणि म्हणालो, "हा मोठा बाबूरावांचा. पहाटेच देऊन शेतावर गेले. बाईही गेल्या." एवढी तीन वाक्यं. तिन्ही खोटी.

त्यानं मोठा नारळ कानाशी हलवला. "आयला, शेजाऱ्याचा तुमच्यापरास मोटा! भांडान मिटलं म्हनायचं." त्याची माणसं हसली. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दोन थर नीट उतरले. तिसऱ्या थरात एक लांब दगड निघाला, दोन्ही भिंतींत शिरलेला. जुन्या गवंड्यानं कधीतरी सांधा म्हणून घातला असेल. यल्लाप्पानं तो हलके हलके सोडवला. घाई केली नाही, हे मी शेजारी उभा राहून पाहिलं आहे. दगड सुटला आणि पलीकडे काहीतरी घसरलं. बरणी फुटल्याचा आवाज आला. मग बाईचा आवाज.

बाबूराव बैल धुवायला नदीवर गेले होते. ठोके ऐकून, माती पडते आहे हे पाहून अनसूयाबाई फळीवरची लोणच्याची बरणी काढायला गेल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं होतं, आत जाऊ नका म्हणून?

यल्लाप्पा भिंतीवरून थेट त्यांच्या अंगणात उडी टाकून गेला. स्वतःचं पागोटं फाडून त्यानं त्यांचा हात बांधला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "साहेब, बाई घरात हुत्या." पुण्याच्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. आतापर्यंतचं अजून कदाचित चूक म्हणून खपलं असतं.

दोन दिवसांनी चावडीवर चार माणसं बसली. यल्लाप्पा म्हणाला, शेजाऱ्याचा नारळ आला होता, म्हणून पहार उचलली. बाबूराव उसळले. "माज्या घरनं नारळ? आमचं बोलनं न्हाई, आन् नारळ दीन मी?" सगळे माझ्याकडे वळले. यल्लाप्पा अगदी शांत होता. त्याला खात्री होती. "साहेब, मोटा नारळ कुनाचा म्हनला हुता, तेवडं सांगा."

मी म्हणालो, "दोन्ही नारळ मीच आणले होते. शेजाऱ्यांचा म्हणून मी काही बोललो नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. त्या खऱ्याच्या आधारानंच दुसरं उभं राहिलं. तो म्हणाला, "साहेब, नीट आठवा." आणि मी — मी म्हणालो, "मुकादम, माझं माप चुकत नाही."

पाटलांनी मान हलवली. कुणीतरी मागून म्हणालं, "वडाराचं काय ऐकताय, राव! कारकून हाय त्यो, इंच इंच मोजतो." तिथेच निकाल लागला — शेजाऱ्याला न कळवता पहार उचलली, दोष मुकादमाचा. त्याच्या माणसांनी साक्ष द्यायला तोंड उघडलं, तर त्यांना गप्प बसवलं. मी बसवलं नाही. पण थांबवलंही नाही.

यल्लाप्पा उठला, आणि जाताना माझ्या पायांकडे पाहून गेला, तोंडाकडे नाही.

चिंचवडात, मग काळेवाडीत, त्याला पाडकाम मिळेना. कारखान्याच्या एका ठेकेदारानं मला विचारलं, हा माणूस कसा? मी म्हणालो, काम येतं त्याला, पण... आणि त्या "पण"पाशी थांबलो. पुढचं त्यानं स्वतःच भरून घेतलं. आज यल्लाप्पा चाकणच्या रस्त्याला खडी फोडतो. भिंतीला कान लावून तिची तब्येत सांगणारा माणूस — खडी.

बाबूरावांशी माझं बोलणं सुरू झालं. का, तर मी त्यांच्या बाजूनं बोललो असं त्यांना वाटलं! सहा वर्षं सणासुदीला त्यांच्या घरचं ताट येतं. नव्या विटांच्या भिंतीतून सकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो. पूर्वी तो भरभर यायचा. आता थाप, थांबणं, थाप.

येत्या आठवड्यात घराची पुढची भिंत काढायची आहे. ती बाबूरावांच्या ओसरीला लागून आहे. काल ते कुंपणावरून म्हणाले, "मापवाले, औंदा मानूस बघून घ्या हां. त्यो मोशीवाला नको." आणि आज दुपारी अनसूयाबाई आल्या. पदराखालून नारळ काढला आणि डाव्या हातानं पुढे केला. "पाडकामाला शेजाऱ्याचा लागतो म्हनं. तवा ऱ्हायला. ह्या टायमाला असू द्या, दादा."

तो नारळ माझ्यासमोर मेजावर आहे.

उद्या सोमवार. बैल घरी असतील, दोघंही घरी असतील. आता मला ते माहीत आहे. सकाळी हा नारळ घेऊन मी अकरा पावलं चालेन आणि तो त्यांच्या उंबऱ्यावर परत ठेवेन. म्हणेन, त्या दिवशीचा मोठा नारळ तुमचा आहे, असं यल्लाप्पाला मी सांगितलं होतं. मग बाबूरावांच्या शब्दांची वाट पाहीन, ते जे असतील ते. तिथून चावडी. ज्या जागी बसून बोललो होतो, त्याच जागी. मग चाकणचा रस्ता, तो खडी फोडत असेल तिथवर, पायी.

रिकाम्या हातांनी जाईन. आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहून सांगेन.