वेळेवर आलेला ‘व्हय’

पेडण्यातल्या आमच्या घरी चवथीला गणपतीपुढे बाबा गाऱ्हाणं घालतात. त्यांनी एकेक मागणं मागून थांबायचं आणि घरच्या सगळ्यांनी एका दमात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. गेल्या वर्षी इंग्लंडातला माझा धाकटा भाऊ गणपतीच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर व्हिडिओ कॉलने यात सामील झाला, आणि फजिती झाली. त्याचा ‘व्हय’ वाक्यभर उशिरा पोचे. बाबा काकूला “काडेपेटी खंय?” विचारत होते, तेवढ्यात पडद्यावरून भक्तिभावाने ‘व्हय म्हाराजा!’ आम्ही फिदीफिदी हसलो. बाबा हसले नाहीत.

“उसरां आयिल्लो व्हय देवाक कसो पावतलो? फुडल्या वर्सा हो डबो नाका.”

उशिराचा ‘व्हय’ देवाला पोचत नाही म्हणून डबा नको, म्हणजे चवथीला भाऊच नको झाला की! मला भयंकर राग आला, त्या संगणकाचा. राउटर नवा होता. पण चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडून येणारं वाय-फाय पकडायला मागे खोचलेला नखाएवढा जुनाट ॲडॅप्टर. फोनवर भागलं असतं, पण बाबांना लेकाचं तोंड ताटाएवढं दिसायला हवं. यंदा चवथीआधी मी पणजीला जाऊन दोन अँटेनांचं वाय-फाय कार्डच घेऊन आले.

कॅबिनेटचा पत्रा काढला, धूळ झटकली, रिकामा स्लॉट सापडला. कार्ड दाबताना मदरबोर्ड मोडतो की काय म्हणून आधी दोनदा हात मागे घेतला. ते ‘कट्’ करून बसलं आणि मी आरोळीच ठोकली! अँटेना पिळून घट्ट केल्या, ड्रायव्हर फोनवरून उतरवून घेतला. भावाला कॉल लावला तर त्याच्या मिशीतला केसन् केस दिसला. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन, या वयात, मी खोलीभर नाचले.

चवथीला भाऊ पडद्यावर होता, पण बाबांनी संगणकाकडे न बघताच गाऱ्हाणं सुरू केलं. शेवटी, लेकाला घरी आणायचं मागणं मागताना, आवाज जरा खाली आला. “परदेशात आसा त्या माझ्या पोराक सांबाळ, सुखरूप घरा हाड.”

“व्हय म्हाराजा!” आम्ही गरजलो.

बाबा पुढे बोलेनात. कान देऊन उभे राहिले. मागून तो उशिराचा ‘व्हय’ आला नाही, तसे नारळ हातात घेऊनच वळले.

“गेलो मरे परत हो डबो! पोर खंय गो?”

“बाबा, हांव हांगाच आसां,” पडद्यावरून भाऊ म्हणाला. “सगळ्यांवांगडाच म्हळां.”

त्याचा ‘व्हय’ यंदा आमच्याच आवाजात मिसळून गेला होता. मग बाबांनी हाताने आम्हा सगळ्यांना गप्प केलं, आणि तेच मागणं त्यांनी पुन्हा घातलं.