पोचा पडलेला तांब्या

माझी बायको विमल गेली तेव्हा मी तिच्यासाठी पाणी आणायला गेलो होतो. नगरच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या नळावर बाटली अर्धी भरली असेल-नसेल, तेवढ्यात वरून आमच्या लेकीनं हाक मारली, "अण्णा, या लवकर!" त्या हाकेतच काय ते कळलं. हृदय थकलं होतं तिचं, डॉक्टरांनी पाणीसुद्धा बेतानं द्यायला सांगितलेलं. ती अर्धी बाटली परवापर्यंत माझ्या पिशवीत तशीच होती, ओतून टाकायला हात धजावत नव्हता. आमच्या घरात पाण्याची गोष्टच वेगळी होती... ती बाहेर कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी एसटीत कंडक्टर, ती तिसगावकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स. ती धीट, मी भित्रा, हे आमच्या डेपोत सगळ्यांना माहीत. नव्वदीतली गोष्ट. तेव्हा पिसाळलेलं कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. चार-पाच झाली की पोट सुजायचं आणि माणूस पळून जायचा. तिचे वडील, आप्पा, ती लहान असताना असेच पळाले होते. ऊसतोडीला जायची गाडी दारात उभी, सहाव्या सुईनंतर म्हणाले, "बास झालं. आता काय हुत न्हाई मला." फडावरून त्यांना परत आणलं ते बांधूनच; ते विष अंगात भिनलं की माणूस पाण्यालाच भितो, घोट घशाखाली उतरत नाही. नऊ-दहा वर्षांची विमल पाणी घेऊन पुढं झाली, तर पाणी बघूनच त्यांचं अंग ताठलं, हात आडवा आला आणि पितळी तांब्या भिंतीवर आदळला. दोन दिवसांत गेले. तो पोचा पडलेला तांब्या ती लग्नात सोबत घेऊन आली. मोडीत घालू या, असं मी एकदा म्हटलं होतं. असं बघितलं माझ्याकडं, की पुन्हा नाव काढलं नाही.

तर एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "कुत्र्याची नवी लस आलीय, दंडात घ्यायची. शहरातले डॉक्टर धडधाकट माणसांना देऊन तपासून बघतायत. मी नाव दिलंय." मला घामच फुटला. म्हटलं, "आख्ख्या जिल्ह्यात तूच सापडलीस का त्यांना?" "ते कशाला शोधतायत, मीच गेले. अहो, दंडात तीनच सुया असत्या तर आप्पा पळाले असते का?" साक्षीदार म्हणून माझी सही लागणार होती. डॉक्टर भला माणूस. लशीतला जंतू मेलेला असतो, नको वाटलं तर कधीही सोडा, सगळं नीट समजावून सांगितलं त्यानं. मी मान डोलावत राहिलो, पण डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. सही इतकी वाकडी आली की त्यानं विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाही का?" विमल फिस्सकन हसली.

पहिली सुई झाली आणि मला अन्न गोड लागेना. गावात बोभाटा झालेला, सिस्टरनं कुत्र्याचं विष टोचून घेतलं म्हणून. माझ्याच गाडीत एक बाई दुसरीला सांगत होती, "आता बघ, म्हयन्याभरात भुकाया लागती का न्हाई!" मी बेल मारायची विसरलो, तिसगाव मागं पडलं, उतरणाऱ्यांनी माझा यथेच्छ उद्धार केला. घरी आलो की आधी माठाचं झाकण काढून पाणी किती उतरलंय ते बघायचो. घोट घेताना तिची मान आखडते का, पाण्याकडं बघून दचकते का... लाज वाटते सांगायला, पण स्वतःच्या बायकोवर मी पाळत ठेवत होतो. दुसऱ्या सुईनंतर तिला कणकण आली, दंड सुजला. असं होतं, उतरेल, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरंही ठरलं. पण त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी चक्क रडलो. म्हटलं, "सोड हे सगळं. मला तुझ्याशिवाय राहता यायचं नाही." ती आत गेली, तो पोचा पडलेला तांब्या भरून आणला, माझ्यासमोर उभी राहून घटाघटा प्यायली आणि हनुवटी पुसत म्हणाली, "प्याले. बघितलं? आता उठा, चहा टाका."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी केंद्रातून आली की चपला काढून आधी तांब्या, माझ्यासमोर. तिसरी सुई झाली, रक्त तपासून झालं, तिला काही म्हणता काही झालं नाही. पुढं काही वर्षांनी केंद्रात पोटातल्या सुया बंद होऊन दंडातली लस आली. ती हीच की दुसरी कुठली, आम्हाला कधी कळलं नाही. लस आली त्या दिवशी तिनं शिरा केला होता. तांब्याची सवय मात्र राहिली ती राहिलीच. भांडण झालं की बोलायची नाही, पण समोर येऊन पाणी पिऊन जायची. दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळीही चमचाभर पाणी घेतलं आणि पुटपुटली, "प्याले बरं का..."

परवा शांताबाई भेटायला आल्या. विमलच्या केंद्रात त्या शिपाई होत्या. मी तांब्याची गोष्ट सांगितली, म्हटलं, फार धीट होती हो ती. शांताबाईंनी कप खाली ठेवला. "धीट? भाऊ, त्या म्हयन्यात रोज घरी निघायच्या आदी बाई मला मागं हापशावर न्यायच्या. मी हापसायचं, त्यांनी वंजळ धरायची. हात लटलट कापायचे. डोळं मिटून एक घोट घ्यायच्या. गिळला की म्हनायच्या, 'शांताबाई, आज गेला बघा खाली. आता ह्यांना दाखवते.' तुमाला सांगायचं न्हाई म्हनून शपथ घातली हुती."

आप्पांचा तो हात तिनं डोळ्यांनी बघितला होता, मी नुसतं ऐकलं होतं. आणि तरी महिनाभर भ्यायचो मी, धीर द्यायची ती. तुला भीती वाटते का गं, एवढं साधं विचारायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

शांताबाई गेल्यावर पिशवीतली ती अर्धी बाटली काढली, तांब्यात ओतली आणि ओसरीवर आलो. डोळे मिटून एक घोट घेतला. गेला खाली. प्यालो, बघितलं का, म्हणून डोळे उघडले... समोर कुणी नव्हतं.