शंकर मास्तरांना पोहोचवायला: बारामती ते इंदापूर, सायकलवर

शंकरला इंदापूर तालुक्यात मास्तरची नोकरी लागल्याचं कळलं त्याच दिवशी मी ठरवून टाकलं, त्याला पोहोचवायला जायचं! बारामतीपर्यंत रेल्वे, पुढं सायकली. दसरा तोंडावर आलेला, मला सुट्टी, आणि पुण्याबाहेर पाऊल टाकून किती दिवस झाले होते. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शंकर मला घ्यायला आला तेव्हा त्यालाही तिनं चहा दिला, ओसरीवर, कोनाड्यातल्या त्याच्या नेहमीच्या कपात. शंकर महार. आमची मैत्री हायस्कुलातली आणि कोनाड्यातला कपही तेवढाच जुना. कप घरातल्या इतर कपांसारखाच, फक्त राहतो बाहेर. चहा पिऊन शंकर तो स्वतः विसळतो आणि पालथा घालतो. आई वाईट नाही हो, त्याच्या चहात साखर माझ्यापेक्षा जास्तच घालते.

मी उड्या मारत होतो, शंकर मात्र काळजीत. शाळाखात्याच्या साहेबांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की गावानं त्याच्यापुढं मुलं बसवली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी जा. आणि त्याचा पहिला दिवस नेमका दसऱ्याचा. दसऱ्याला नवी मुलं पाटी घेऊन येतात आणि मास्तर त्यांचा हात हातात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतात. शंकरच्या हातात आपल्या पोराचा हात देणार कोण?

दौंडला गाडी बदलावी लागते. फलाटावर एक माणूस ‘हिंदू पाणी’ ओरडत होता, दुसरा ‘मुसलमान पाणी’. शंकर म्हणाला, “बापू, आमचं पाणी ओरडणारा रजेवर दिसतोय.” शेवटी इंजिनात पाणी भरायच्या नळावर आम्ही दोघं तोंड लावून पाणी प्यायलो. इंजिनाला जात नसते.

तिथून बारामतीची लहान गाडी. तिची चाल अशी की उतरून शेंगा घेऊन परत चढता येतं म्हणतात. मी करून पाहिलं, येतं! ओल्या भुईमुगाच्या शेंगांचे दिवस होते, पैशाला ओंजळभर मिळाल्या. बारामतीत गुळाच्या पेठेतून नुसतं चालत गेलं तरी तोंड गोड होतं. पण जेवायला बसायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते. खानावळवाल्यानं हसत हसत विचारलं, “गाव कंचं, पाव्हणं? आडनाव काय? कुणापैकी तुमी?” या तीन प्रश्नांत माणूस आत बसणार, अंगणात की रस्त्यावर, ते ठरतं. खोटं सांगायचा मोह मला झाला, शंकरला नाही. त्याचं उत्तर ऐकून खानावळवाल्याचं हसू मावळलं. मग आम्ही लिंबाखाली बसून दशम्या खाल्ल्या. मी तणतणत होतो आणि शंकर चटणी संपवत होता, तेव्हा माझ्या वाट्याला थोडीच आली.

दुसऱ्या दिवशी मात्र काय रस्ता मिळाला! बारामतीहून पाटाच्या कडेनं जा, मोठा रस्ता सोडा. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला डोक्यावरून गेलेला ऊस, आणि मध्ये आपण घंटी वाजवत सुटायचं. फक्त पंक्चरचं सामान घ्या, बाभळीचे काटे कुणाची गय करत नाहीत. लासुर्ण्याला एका मळ्यात आजीबाईंनी उकडलेल्या शेंगा दिल्या आणि वर बजावलं, “पाटाच्या वरल्या अंगाला राहू नगा बाबांनो. कोरडवाहू मानसं, कसली रीतभात न्हाय त्यास्नी. आमी तितली सून करत न्हाय.” कोसभर पुढं, पाटाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी चढत नाही, एक म्हातारबा बाजरी राखत होते. ते म्हणाले, “पाटाखालचं व्हय? पानी पिऊन माजल्यात समदी. आमी लेक देत न्हाय तितं.” दोघांची जात एकच! मी हसून हसून सायकलीवरून पडायचा राहिलो. माणसाला भेद करायला दुसरं काही सापडलं नाही तर पाटाचं पाणीही पुरतं.

शंकरचं गाव तिथून जवळच, नाव सांगत नाही. शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. गावातले वजनदार गृहस्थ तात्या. त्यांनी मला घरी मुक्कामाला बोलावलं, शंकरला शाळेची पडवी दाखवली. मीही पडवीतच पथारी टाकली. तात्यांना ते आवडलं नाही, पण भाकरी आणि गवारीची भाजी दोघांना पुरेल एवढी पाठवली.

दसऱ्याला सकाळी खोलीत सारवण झालं, पाटीवर सरस्वती काढली, झेंडूची फुलं वाहिली, आणि आम्ही वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळानं तात्या आले. बरोबर नातू किसन, नवी टोपी घातलेला. मागं सगळं गाव, पण दहा पावलं लांब. तात्यांनी स्वतः कधी अक्षर गिरवलं नव्हतं आणि नातवाला तलाठी करायचं हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

“मास्तर,” तात्या म्हणाले, “शिकवाया आमची ना न्हाय. पन हात न्हाय लावायचा. आमी तोड काढलीया.”

तोड म्हणजे हातभर वेळूची काठी, खालच्या टोकाला पाटीवरची पेन्सील सुतळीनं बांधलेली. खाली किसननं धरायचं, वर मास्तरांनी. गावाला आपल्या अकलेचं केवढं कौतुक! माझं डोकं फिरलं. मी उठणार तोच शंकरनं माझं धोतर धरून मला खाली बसवलं.

“बघू की करून, तात्या,” तो म्हणाला.

शंकरनं वरून काठी हलवली. पेन्सील इकडं, काठी तिकडं. ‘श्री’ उमटला तो बैल बुजल्यावर नांगराचा तास पडतो तसा. पुसून पुन्हा केला, तर जास्तच बिघडला. किसन खुदकन हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “तात्या, कोंबडी नाचल्यावानी दिसतंया.”

“गप रं!” तात्या पाटीकडं बघत राहिले. मग हळूच विचारलं, “मास्तर, पैलं अक्षार वाकडं ग्येलं की पुढलं समदं वाकडं जातं म्हनत्यात. खरं हाय का?”

शंकरनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “म्हनत्यात खरं तसं.”

तात्यांनी पागोटं सारखं केलं.

“धरा मग हात. घरी न्हेऊन आंगुळ घालतो.”

शंकरनं किसनचा हात हातात घेतला. ‘श्री’ उमटला, पुरता आणि सरळ. मला आनंदानं नाचावंसं वाटलं, आणि त्या आंघोळीचा संतापही आला, दोन्ही एकदमच. तेवढ्यात एक बाई पोराला पुढं ढकलत म्हणाली, “मास्तर, ह्येचा बी धरा. आंगुळ तर घालायचीच हाय!” मग एकामागून एक पोरं आली. दोन-चार घरं पाठ फिरवून गेली, ती गेलीच. बाकी गावात त्या दिवशी पोरांच्या दोन-दोन आंघोळी झाल्या.

संध्याकाळी मी शंकरला विचारलं, “तुला राग नाही आला?”

“आला की. पण हात रोज धरायचाय. थंडी पडू दे, आंघोळ घालायला कंटाळतील बघ.”

दुसऱ्या दिवशी एकटाच इंदापूरला गेलो. बाजारात झणझणीत शेव खाल्ली आणि सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकल बांधून परतलो. मोटारीत ओळखी निघायच्या आत झोपून गेलो, तेवढाच तीन प्रश्नांतून सुटलो.

घरी पोहोचताच आई म्हणाली, “कुणाकुणाकडं जेवलास देव जाणे. आधी आंघोळ!” आंघोळ केली. मग कोनाड्यातला कप आणून तिच्यापुढं ठेवला आणि त्यातच चहा मागितला.

“अरे, तो शंकरचा.”

“आता माझा.”

ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी रोज त्याच कपात चहा घेई आणि कप कोनाड्यात पालथा घाली. पण मुलाचा कप धुळीत राहणं आईला कसं बघवेल? एक दिवस तिनंच तो आत नेला, राखेनं घासला आणि फळीवर बाकीच्या कपांत ठेवून दिला.

नाताळच्या सुट्टीत शंकर आला. शाळा भरते आहे, नोकरी पक्की झाली. निम्म्या घरांनी आंघोळी सोडल्या, तात्या नुसतं पाणी शिंपडतात. तो ओसरीवर हे सांगत होता आणि मी आनंदानं ओरडत होतो, तेवढ्यात आईनं मला आत हाक मारली.

“अरे, यातला त्याचा कुठला?”

“मलाही आठवत नाही,” मी म्हणालो. खरंच आठवत नव्हतं.

तिनं फळीवरचे कप एकेक करून उलटसुलट पाहिले. मग हाताला आले ते दोन कप काढले, चहा ओतला, आणि एकात साखर जरा जास्त घातली.