देवगिरीचा ‘धडाम’ आणि अण्णांची दुरुस्ती

रिटायर झाल्यापासून संभाजीनगरच्या छावणीत राहणारे आमचे वडील, अण्णा, फोनवर म्हणाले, “देवगिरी बघायला चल,” तेव्हा मला हसूच आलं. घरापासून तासाभराच्या आतला किल्ला, त्यात नवं काय बघायचं? पण ते पुढं म्हणाले, “तीस वर्षं पोरांना खोटं शिकवलं का गं मी?” मग मात्र मी पुण्यात रजा टाकली आणि संभाजीनगरची गाडी धरली.

झालं होतं असं. अण्णा पाचोडच्या अलीकडच्या एका गावात भूगोल शिकवायचे, आम्ही तिथंच राहायचो. ज्वालामुखीचा धडा आला की ते टेबलावर थाप मारायचे आणि आख्खा वर्ग ओरडायचा, “धडाम!” मग अण्णा सांगायचे, “देवगिरी म्हंजे अशाच एका विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड.” पहिल्या बाकावर बसून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी मी. आता माझी लेक रमा भूगर्भशास्त्र शिकते. तिनं सुट्टीत सहज सांगून टाकलं, “आजोबा, तो ज्वालामुखी नाहीच मुळी!” अण्णा “असं व्हय” म्हणाले, आणि मग मला तो फोन केला.

सकाळी लवकर निघालो. तुम्हीही लवकरच निघा, कारण पडेगाव सोडलं की रस्ता बरा आहे, पण दौलताबादच्या जुन्या दरवाज्यात समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की बसा मग. आम्ही अडकलो, आणि अण्णा काचेतून किल्ल्याकडं एकटक बघत राहिले. लहानपणी सहलीला याच दरवाज्यात आमची एसटी अडकली होती आणि अण्णांनी सगळ्या पोरांना खाली उतरवून तिथंच तास घेतला होता.  

किल्ला मागं टाकून आधी खुलताबादच्या घाटात गेलो. वळणावर गाडी बाजूला घेऊन थांबता येतं, पण मुलांचा हात सोडू नका, गाड्या जोरात येतात. समोर डोंगर कापलेला, थरावर थर, आणि मधेच एक लाल पट्टा.

“अगं, हा तर गेरू!” अण्णांनी बोट घासून बघितलं. “आपल्या विहिरीत लागला होता की.”

मी रमानं लिहून दिलेलं वाचून दाखवलं. आपली जमीन एका मोठ्या भूपट्टावर, म्हणजे खडकाच्या अवाढव्य तुकड्यावर आहे आणि तो पट्ट सरकतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो उत्तरेकडं सरकता सरकता पृथ्वीच्या पोटातल्या एका तापलेल्या जागेवरून गेला. एखादा डोंगर फुटला नाही, जमिनीलाच लांबलांब भेगा पडल्या, आणि तापलेला लाव्हारस मैलोनमैल पसरला. तो निवला, त्याची वरची साय ऊनपाण्यानं झिजून लाल माती झाली, मग वर दुसरा थर. ती तापलेली जागा मागं समुद्रात राहिली, पुढं हाच पट्ट आशियाला जाऊन धडकला आणि हिमालय उठला. आणि देवगिरी? नद्या-पावसानं भोवतालचं खाऊन टाकलं, टणक तेवढं उरलं. त्याचे उभे कडे तर माणसांनी तासलेले.

अण्णांनी सगळं ऐकलं. “म्हंजे धडाम झालंच नाय,” एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

वेरूळ पुढं जवळच आहे (मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून निघा), पण अण्णांच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं. परत किल्ल्याच्या पायथ्याशी आलो. सीताफळांचे ढीग लागले होते. एका टपरीवर चुलीचा धूर आणि ज्वारीच्या धिरड्यांचा वास, म्हणून तिथंच टेकलो. धिरडं आणि ठेचा, पोटभर आणि स्वस्तात. टपरीवाला पुढच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “साहेब, ह्यो डोंगर म्हंजे ज्वालामुखीचं तोंड! असा फुटला, धडाम!” आणि त्यानं बाकावर थाप मारली.

ती थाप मी ओळखली. माझ्याच वर्गातला कैलास! तोही चमकला. “गुरुजी! जय भीम! अहो, तुमचंच सांगत व्हतो. लई आवडतं लोकांला.” आणि त्यानं अण्णांचे पाय धरले.

मी मनात म्हटलं, अण्णा, जाऊ द्या, नका बोलू. कुणाचं काय बिघडतंय? पण अण्णांनी कैलासला खांद्याला धरून उठवलं. “कैलास, ते मी चुकीचं शिकवलं.”

कैलासची बायको शोभा तव्यावर पीठ ओतत होती. अण्णा तिच्याकडं बघत राहिले, आणि त्यांचा आवाज हळूहळू वर्गातला झाला. “हे बघ. पीठ कसं पसरलं? उडालं का? तसा पसरला रस. निवला की वर दुसरं धिरडं. आता चूल जाग्यावर ठिवून तवा सरकव.” शोभानं खरंच तवा सरकवला. “तवा म्हंजे आपली जमीन. चूल मागं राहिली, समुद्रात. आपण धिरडी घेऊन वर उत्तरेला आलो.”

“आन् मग धडाम?” कैलासचा चेहरा पडला.

“धडाम हाये की. पार वर, आशियाला धडकलो तिथं. हिमालय उठला!”

कैलास खदाखदा हसला. “मग थाप वाया नाय गेली, गुरुजी!” धिरड्यांचे पैसे मात्र त्यानं काही केल्या घेतले नाहीत, उलट पिशवीभर सीताफळं गाडीत टाकली.

घरी येऊन अण्णा पाय शेकत बसले होते, तेवढ्यात कैलासचा फोन. मी स्पीकर लावला. “गुरुजी, आत्ताच नाशिकच्या लोकांला तव्यावर दाखवलं. ते म्हणले, तुम्हांला कोणी शिकवलं? म्या म्हणलं, आमच्या गुरुजींनी. चुकीचं बी त्यांनीच शिकवलं आन् बरोबर बी त्यांनीच.”

अण्णांनी हातातलं सीताफळ बाजूला ठेवलं. डोळे पुसले. मग मला म्हणाले, “तुझी रजा किती शिल्लक हाये? पाचोडच्या बाजाराला जाऊ. तिथं माझी लई पोरं भेटतील.”

मी रजा वाढवली. शोभाकडून एक जुना तवा तेवढा मागून आणायचाय.