सगळ्यांना आवडलेलं चीज

“वहिनी, फोडणीत टाकू नका हं. जिवंत आहे ते!”

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या दारात हे वाक्य ऐकू यायचं. दोन्ही हातांत धरलेली वाटी, वाटीवर केळीच्या पानाचा तुकडा आणि त्याखाली चीजची एक पिवळट, जाडसर फोड. वाटी माझ्या हातात देण्याआधी शेजारचे भाऊजी तिचा एकदा वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मगच ती सोडायचे. लेकीची पाठवणी करतानाही बाप इतका रेंगाळत नसेल.

अंधेरीला, मरोळच्या रस्त्यावर आमची दोनमजली इमारत होती आणि हे आमचे शेजारी. सरकारी दुग्धशाळेत तपासनीस. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने त्यांना शिकायला डेन्मार्कला धाडलं होतं. दूध कसं तापवावं, कसं निववावं, बाटलीत कसं भरावं हे शिकून यायचं होतं. ते सगळं ते शिकलेच, पण येताना कच्च्या दुधाच्या चीजच्या प्रेमात पडून आले. दिवसभर नोकरीत शहराचं दूध तापवून घ्यायचे आणि संध्याकाळी जोगेश्वरीच्या तबेल्यातून न तापवलेल्या म्हशीच्या दुधाची कासंडी घेऊन घरी यायचे. मी एकदा म्हटलं, “भाऊजी, हे कसं काय जमवता?” तर म्हणाले, “ती नोकरी आहे वहिनी, हे प्रेम आहे.” त्यांची बायको आतून ओरडली, “प्रेम मोरीत ठेवलंय, बघून या!”

खरोखरच मोरीत होतं. मोरीच्या कट्ट्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून, उलट्या घमेल्याखाली ती चीजची गाठोडी मुरत असत. त्या घरात अंघोळ करायची तर पाणी जपून घ्यावं लागे; साबणाचा एक थेंब उडाला तरी भाऊजी दारावर थाप मारत. वासाचं तर विचारूच नका. वर्सोव्याहून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण एकदा जिन्यातच थबकली. “काय गो बाय, माज्या टोपलीला नाक मुरडतंस, नि तुमच्या घरान काय कुजलंय?” मी त्यांच्या दाराकडे बोट दाखवलं. तिने पदर नाकाला लावला आणि त्या दिवशी पापलेट घासाघीस न करता देऊन टाकलं.

तर असं ते चीज दर शनिवारी इमारतीच्या सगळ्या घरांत जायचं आणि रविवारी भाऊजी अभिप्राय गोळा करायला निघायचे. आता तुम्हीच सांगा, एवढ्या मायेने दारात येणाऱ्या माणसाला कोण काय म्हणेल? वरचे मास्तर म्हणत, “अप्रतिम!” तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणत, “पचायला फार उत्तम.” मीही म्हणायची, “छान जमलंय हो.” भाऊजींचा चेहरा असा काही फुलायचा की, पुढच्या शनिवारी फोड बोटभर मोठी व्हायची. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

आमच्या घरात मात्र एक खरं गिऱ्हाईक होतं, माझे सासरे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सत्तरी उलटलेली, तोंडात दात औषधालाही नाही. त्यांना ते मऊ, आंबूस, तिखटसर चीज मनापासून आवडायचं. पण अण्णांना कुणाचं कौतुक करायची सवय नव्हती. वाटी चाटूनपुसून रिकामी करत आणि म्हणत, “मीठ कमी आहे. सांग त्या गाढवाला.” मी अर्थातच सांगत नसे. मी सांगायची, “अण्णांनाही आवडलं.”

एका रविवारी सकाळी भाऊजी लुंगी-बनियनवर, हातात बादली घेऊन धावत आले. चेहरा पांढराफटक. “वहिनी, कालचं चीज परत द्या! हात लावू नका त्याला!” झालं असं होतं की, त्याच दुधाचं त्यांनी घरी ठेवलेलं गाठोडं रात्रीत भाकरीसारखं टम्म फुगलं होतं. कापून पाहिलं तर आत भोकंच भोकं आणि वास भलताच. मग तबेल्यातून निरोप आला की, ते दूध दिलेल्या म्हशीची कास सुजली आहे. दुग्धशाळेत नियम होता, एक कॅन बिघडला तर त्याच्याबरोबरचा सगळा माल जिथे असेल तिथून परत बोलवायचा. तोच नियम आता ते स्वतःच्या चीजला लावत होते.

“अहो, ते तर संपलं,” मी म्हटलं. आमच्याकडचं खरंच संपलं होतं. अण्णांनी रात्रीच फडशा पाडला होता.

ते वर धावले. मास्तर सवयीने म्हणाले, “कालच संपलं. मुलांनी तर मागून मागून खाल्लं!” शेजारच्या मावशी म्हणाल्या, “उरतंय कसलं? काय चव होती!” प्रत्येक दारात तेच. माणूस परत मागायला आला तरी आमच्या लोकांना वाटलं की, अभिप्रायच मागतोय. बादली रिकामीच राहिली. भाऊजी अंगणात आले आणि मटकन खाली बसले. “सगळी इमारत मारली मी,” म्हणाले. त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

डॉक्टर बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, “ज्यांनी खाल्लंय त्यांनी रांगेत या. एरंडेल पाजतो.”

एरंडेलाची बाटली दिसली मात्र, इमारतीत सत्ययुग अवतरलं. मास्तर सगळ्यात पुढे होते. चमचा ओठांशी आला तसे म्हणाले, “तसं पाहिलं तर... मी खाल्लं नाही. गुलाबाच्या कुंडीत घालतो दर वेळी.” मावशी म्हणाल्या, “आमच्याकडे मांजराला. तेसुद्धा हुंगून जातं हो.” कुणी गटारात टाकलं होतं, कुणी कावळ्याला. भाऊजींनी डॉक्टरांकडे पाहिलं. “पण तुम्ही तर खाल्लंत ना? पचायला उत्तम म्हणालात.” डॉक्टरांनी बाटलीचं बूच लावलं आणि ते घसा खाकरत घरात गेले.

एवढी माणसं वाचली म्हणून भाऊजींना केवढा आनंद झाला! हात जोडून प्रत्येकाचे आभार मानले. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असावी. ते रिकाम्या बादलीत पाहत नुसतेच उभे राहिले. आम्हीही खाली पाहू लागलो.

अण्णांचं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या घरातून त्यांच्या ओकारीचा आवाज आला.

पुढचे तीन-चार दिवस आमच्या घरावर सावट होतं. जुलाब, ताप, थंडी. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “वय झालंय. अंगातलं पाणी आटलं तर हाती लागायचे नाहीत.” भाऊजी कामावर गेलेच नाहीत. अण्णांच्या उशाशी बसून चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी आणि भाताची पेज पाजत होते, कपडे बदलत होते, भांडं उचलत होते. मला हात लावू देत नव्हते.

“अण्णा, मी मारलं हो तुम्हाला,” ते पुन्हा पुन्हा म्हणत.

“अजून मेलो नाही,” अण्णा पुटपुटले. “गप्प बस.”

आणि अण्णा उठले. म्हातारा चिवट होता. ज्या दिवशी ते भिंत धरून स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेले, त्या दिवशी भाऊजींनी आपल्या मोरीतली सगळी गाठोडी अंगणात खड्डा खणून पुरली. त्यांच्या बायकोने मनसोक्त पाणी उडवत अंघोळ केली.

नंतर भाऊजी बदलले. कुणी चांगलं म्हटलं की निरखून पाहायचे. मी एकदा त्यांना साध्या आमटीबद्दल विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, “वहिनी, लोक खरं कधी बोलतात हो?” मला फार वाईट वाटलं. इतक्या शनिवारांत आम्ही एकदा तरी ‘नको’ म्हणायला हवं होतं.

अण्णा मात्र दर शनिवारी दाराकडे तोंड करून बसायचे. “आज आणलं नाही?” भाऊजी कान पकडत. “तुमच्यासाठी तर नाहीच अण्णा. आता जन्मात नाही.” मग तापवलेल्या दुधाचं पनीर करून आणलं. अण्णांनी एक घास घेतला आणि ताटली सरकवली. “ह्यात काय आहे? खडू आहे हा.” आणि भाऊजींशी बोलणंच टाकलं.

वर्षभरात भाऊजींची बदली गुजरातेत झाली. निघायच्या दिवशी घोडागाडी फाटकाशी उभी होती. आम्ही सगळे अंगणात जमलो. मास्तर म्हणाले, “तुमची फार आठवण येईल.” डॉक्टर म्हणाले, “असा शेजारी मिळणार नाही.” दोघंही या वेळी खरं बोलत होते, पण भाऊजींनी नुसती मान हलवली.

अण्णा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. भाऊजींनी चपला काढल्या, आत गेले, त्यांच्या पायांना हात लावला. अण्णांनी वळूनही पाहिलं नाही.

“चोरा,” ते भिंतीलाच म्हणाले, “माझं चीज बंद केलंस. मरेपर्यंत माफ करणार नाही तुला.”

भाऊजी बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. “ऐकलंत वहिनी?” एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.