काटेकाकांची वेगळी प्लेट

माझ्या मावशीच्या नवऱ्याला सगळे काटेकाका म्हणतात, कारण त्यांनी आयुष्यभर दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले. मी जन्मले तेव्हा त्यांनी मला तळहातांवर तोललं आणि नर्सला सांगितलं, "तुमचा काटा साठ ग्रॅम जास्त दाखवतोय." नर्स फणकारली. काकांनी पिशवीतून पाना काढून काटा खोलला आणि माझं वजन जागच्या जागी साठ ग्रॅमने उतरलं. पुन्हा आयुष्यात ते इतक्या सहज कधी उतरलं नाही.

काकांच्या फिरतीत अकरा गावं होती. डबा ते कधी नेत नसत. चांगलं खायला कुठे मिळतं, असंही कुणाला विचारत नसत. दुपारी शटर अर्धं ओढून दुकानदार ज्या दिशेला चालू लागेल, त्याच्या मागे जायचं, एवढा त्यांचा नियम. असं करत त्यांना प्रत्येक गावातली एकेक हातगाडी सापडली. एका गावात गूळ घातलेली भजी, एकीकडे कोळशावर भाजलेलं रताळं, तर एकीकडे डाळीच्या पिठाची जाड पोळी, आत बटाटा आणि वर आंबट चटणी. त्या गावाहून या गावात काय बदललं, हे काका इतकं रंगवून सांगत की आम्ही मुलं जेवून उठलेली असलो तरी पुन्हा पानावर बसायला तयार असू.

मावशी कधी फिरतीवर गेली नाही. ती काकांकडून ऐकायची आणि घरी करून बघायची. पण काकांना सांगता काय यायचं? फक्त वजन! "पोळी एकशेदहा ग्रॅमची. बटाटा पंचेचाळीस. चटणी वीस ग्रॅम, कमी नाही." चटणीत काय होतं, आधी काय भाजलं, मिरची लाल की हिरवी, यातलं काही त्यांनी पाहिलेलंच नसायचं. उरलेलं सगळं मावशी स्वतःच्या मनाने भरायची. पहिला घास पुढे केला की काका डोळे मिटून म्हणायचे, "अगदी तस्संच!" तीस वर्षं हेच चाललं. आमच्या गल्लीत मावशीच्या हातच्या त्या परगावच्या पदार्थांचं फार कौतुक होतं.

काका निवृत्त झाले, दोन वर्षं गेली आणि मावशीने मनावर घेतलं. पुढच्या खोलीची खिडकी मोठी करायची आणि तिथून हेच पदार्थ विकायचे. खिडकी झाली, तवा आला, बोर्ड रंगवणारा दारात उभा राहिला. त्याने विचारलं, "‘अस्सल चव’ असं लिहू ना?" आणि मावशी अडली. "मी ते कधी खाल्लंच नाही," ती म्हणाली. "एकदा खाऊन बघते. तसं नसेल तर दुकानच नको. लोकांना फसवायचं नाही मला."

मला आठवडाभर सुट्टी होती, त्यामुळे गाडी चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काकांनी आधी रस्ता खराब असल्याचं सांगितलं, मग स्वतःचा गुडघा पुढे केला. मावशी बधली नाही. वाटेत ती हात धुवायला उतरली तेव्हा काकांनी माझ्याजवळ तोंड उघडलं.

"तिच्या हातचं आणि हातगाडीवरचं, यांचा काडीचा संबंध नाही गं."

"मग तीस वर्षं का सांगत होतात?"

"पहिल्यांदा केलं तेव्हा तेल उडून तिच्या मनगटावर फोड आला होता. नाही कसं म्हणणार? आणि एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही कसं म्हणणार?"

मला हसू आलं, पण काका खरंच घाबरले होते. त्यांचं पितळ उघडं पडेल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुकानाची होती. गेल्या कित्येक वर्षांत मावशी एवढी खुशीत नव्हती, आणि ते सगळं आता आपल्यामुळे मोडणार, असं त्यांना वाटत होतं.

दुपारी आम्ही पोळीच्या गाडीवर पोहोचलो. बाजारपेठेच्या टोकाला, एका शिंप्याच्या दुकानासमोर ती गाडी उभी होती. चाळिशीच्या गाडीवालीने काकांना लांबूनच ओळखलं. "काका! किती दिवसांनी!" म्हणत तिने काही न विचारता तीन पोळ्या टाकल्या. मावशीने श्वास रोखून पहिला घास घेतला.

"अहो!" ती जवळजवळ ओरडलीच. "हे तर माझंच! सेम टू सेम!"

काकांचा चेहरा असा झाला की त्यांना आनंद व्हावा की चक्कर यावी, ते कळेना. मीही चक्रावले. मावशीने मात्र दुसरा घास घेता घेता शेजाऱ्याच्या प्लेटकडे पाहिलं. त्याची चटणी लालभडक होती. पलीकडच्याचीही लालच. आमची तेवढी पिवळी, वर कांदा.

"यांचं वेगळं का?" मावशीने विचारलं.

"यांचं नाही हो, तुमचं वेगळं," गाडीवाली म्हणाली. "काकांनीच शिकवलंय. घरी असं करतात म्हणाले, आणि सगळं वजनात सांगितलं. कांदा तीस ग्रॅम, चटणी वीस ग्रॅम."

मावशीने प्लेट खाली ठेवली. काका जमिनीकडे बघत उभे राहिले.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "पहिली दोन-चार वर्षं. मग मला तुझंच आवडायला लागलं. इथे आलो की चुकल्यासारखं वाटायचं. शेवटी हिला सांगून तसं करून घेतलं."

मावशीने लाल प्लेट मागवली आणि उभ्या उभ्या सगळी संपवली. "छान आहे," ती म्हणाली. "पण मला हे येत नाही. म्हणजे मी लोकांना आजवर काय खायला घातलं?"

तिचे डोळे भरून आले. मला काकांचा राग आला आणि दयाही आली. एवढ्यात समोरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन रस्ता ओलांडून आला. आमच्याकडे न बघताच म्हणाला, "एक काकांची दे."

"काकांची?" मावशीने विचारलं.

"निम्मा बाजार तीच खातो," गाडीवाली म्हणाली आणि तिने कांदा तव्यावर टाकला.

"थांब, थांब!" मावशीचा हात आपोआप पुढे गेला. "कांदा आधी नाही टाकायचा. म्हणूनच तो मऊ पडतोय. काय सांगितलंत हो हिला?"

"तीस ग्रॅम," काका पुटपुटले.

मावशीने पदर खोचला आणि गाडीवालीच्या हातून उलथनं घेतलं. पोळी भाजली, चटणी घातली, कांदा शेवटी कडक परतून वर पसरला आणि प्लेट शिंप्यासमोर धरली. त्याने एक घास खाल्ला आणि थांबला. मग आणखी एक खाल्ला.

"आज हे वेगळं लागतंय. फार चांगलं झालंय."

"आज ते मी केलंय," मावशी म्हणाली.

"उद्या याल का?" शिंप्याने विचारलं.

मावशीने उलथनं गाडीवालीच्या हातात परत दिलं. "नाही जमणार," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात माझं दुकान उघडतंय."